कर्करोगाचा माग काढणारी प्रतिद्रव्ये

भातकापणीच्या दिवसांत बांधावर कुणाला तरी साप चावतो. लोक त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतात. डॉक्टर शिरेतून औषध सोडतात. वेळेवर पोचला तर माणूस वाचतो. असे प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्या औषधाला आपण सापाची लस म्हणतो. पण ही लस कशापासून करतात, ते फार थोड्यांना ठाऊक असते.

ती घोड्याच्या रक्तापासून करतात. धडधाकट घोडा निवडतात. त्याला सापाचे विष टोचतात. पहिल्या वेळी अगदी कणभर, पुढच्या वेळी त्याहून थोडे जास्त, असे वाढवत नेतात. घोडा मरत नाही. उलट त्याच्या रक्तात त्या विषाला धरून निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. मग घोड्याचे थोडे रक्त काढतात, त्यातून ती द्रव्ये वेगळी करतात, शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर मिळून एकच लस असते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या लशीमुळे खेड्यापाड्यांत पोचलेले आहे.

घोड्याच्या रक्तातल्या या द्रव्यांना प्रतिद्रव्ये म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी अँटीबॉडी हा इंग्रजी शब्द येतो. दोन्ही एकच. ती आपल्याही रक्तात असतात. गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा सहसा येत नाही. त्यात या प्रतिद्रव्यांचा मोठा वाटा असतो.

त्याच परळला टाटा हॉस्पिटल आहे. ते १९४१ साली सुरू झाले. कर्करोग, म्हणजे कॅन्सर, झालेली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतून तिथे येतात. आज त्यांच्यापैकी कित्येकांच्या रोगाची ओळख प्रतिद्रव्यांनी पटवतात, आणि काहींना औषध म्हणूनही प्रतिद्रव्येच देतात. सापाच्या विषावर चालणारी युक्ती कर्करोगावर कशी चालते, आणि ती चालायला शंभर वर्षे का लागली, ते आता पाहू.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे शरीराची वीट. फरक एवढाच की ही वीट जिवंत असते. जुनी पेशी मरते, नवी तिची जागा घेते. सगळे हिशेबाने चालते. कर्करोगात एखाद्या पेशीचा हिशेब सुटतो. ती वाढतच जाते. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि गाठ होते.

नुसती गाठ असेल तर ती कापून काढता येते. खरी भीती पसरण्याची. शेतात लव्हाळा झाला तर वरून खुरपून भागत नाही. जमिनीत गाठी राहतात आणि पुढच्या पावसाला दुसरीकडेच कोंब येतात. कर्करोगाच्या पेशीही मूळ गाठीतून सुटतात, रक्तातून नाही तर रसवाहिन्यांतून वाहत जातात आणि दुसरीकडे रुजतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते तुम्हांला माहीत आहे. पायातला रस जांघेतल्या गाठींतून गाळून पुढे जातो म्हणून तसे होते. स्तनातला रस काखेतल्या गाठींकडे जातो. म्हणून स्तनाचा कर्करोग पुष्कळदा आधी काखेत दिसतो. तिथून पुढे हाडे, फुफ्फुस, यकृत, मेंदू. कर्करोगाने दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीव मूळ गाठीने जात नाही. तो या पसरलेल्या रोगाने जातो.

आता एक आत्याबाई आहेत असे समजा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढली. इंजेक्शने झाली, शेक झाला. आत्याबाई पुन्हा शेतावर जाऊ लागल्या. मग यंदा पाठ दुखू लागली आणि खोकला काही हटेना. फोटोत फुफ्फुसावर आणि मणक्यावर डाग दिसले. भाचा घाबरून गेला. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, छातीचा कॅन्सर बरा झाला म्हणून पेढे वाटले होते हो आम्ही. आता फुफ्फुसाचा झाला, हाडाचाही झाला. एकाच माणसाला तीन-तीन कॅन्सर?"

डॉक्टर म्हणाले, "तीन नसावेत. बहुधा एकच असेल, तीन ठिकाणी गेलेला. पण नुसते बघून तसे सांगता येत नाही. तुकडा काढून तपासावा लागेल."

डॉक्टर असे का म्हणाले? माणूस गाव सोडतो, पण बोली सोडत नाही. मालवणचा माणूस मुंबईत चाळीस वर्षे राहिला, तरी दोन वाक्यांत ओळखू येतो. पेशींचेही तसेच. स्तनातली पेशी फुफ्फुसात जाऊन वाढली, तरी तिच्या अंगावर स्तनाच्या पेशीच्या खुणा राहतात. तिला औषधही स्तनाच्या कर्करोगाचेच लागते. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे औषध तिथे कामाचे नाही. म्हणून हा पाहुणा कुठल्या गावचा, हे आधी कळले पाहिजे. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले तर कर्करोग आहे एवढे बहुधा कळते. त्याचे मूळ गाव दर वेळी कळत नाही. तिथे प्रतिद्रव्ये उपयोगी पडतात.

प्रतिद्रव्याचा आकार बेचकीसारखा असतो. गोफणगुंडा न घेता पोरे रबर लावून चिमण्या मारायला जी बेचकी करतात, तशी. वर दोन फाटे, खाली दांडा. दोन्ही फाट्यांची टोके एका ठराविक खुणेवरच बसतात. नागाच्या विषावर बसणारे टोक धनुर्वाताच्या विषावर बसत नाही. खालचा दांडा शरीरातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतो, "या, इथे परका सापडला आहे."

ही किमया पहिल्यांदा उमगली ती १८९० साली, जर्मनीत बर्लिनला. बेरिंग हा जर्मन आणि किटासाटो हा जपानी, अशा दोघांनी धनुर्वात आणि घटसर्प या रोगांच्या विषावर जनावरांच्या रक्तातून उतारा काढला. घटसर्पाने त्या काळी लहान मुले पटापट दगावत. बेरिंगला पुढे १९०१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग लोकांना वाटले, हाच उतारा कर्करोगावर का करू नये? १८९५ साली पॅरिसला रिशे आणि एरिकूर यांनी एका रोग्याच्या गाठीचा अर्क एका गाढवाला आणि दोन कुत्र्यांना टोचला. त्यांच्या रक्ताचा उतारा कर्करोगाच्या रोग्यांना दिला. काहींना थोडा आराम वाटला. बरे कुणीच झाले नाही.

का नाही झाले? सापाचे विष माणसाला परके. कर्करोगाची पेशी परकी नाही. ती आपल्याच घरची, वाट चुकलेली. तिच्या अंगावर शंभर खुणा असतील तर त्यांतल्या बहुतेक सगळ्या चांगल्या पेशींच्याही अंगावर असतात. गाढवाच्या रक्तात त्या शंभरही खुणांवर बसणाऱ्या प्रतिद्रव्यांची खिचडी झाली. त्यातून नेमके हवे ते एक निवडायचे कसे? दुधात मिसळलेले पाणी निवडण्यासारखेच ते होते.

ही अडचण ८० वर्षे तशीच राहिली. ती सुटली १९७५ साली, इंग्लंडमध्ये केंब्रिजला. सोडवणारे दोघे. एक जर्मनीचा तरुण, केलर. दुसरा अर्जेंटिना देशातून आलेला मिल्स्टाइन. त्यांनी काय केले, ते आंब्याच्या कलमाचे उदाहरण घेतले की चटकन समजते. आपण रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतो. खुंट काटक, काडी गोड फळाची. दोन्ही जुळल्या की काटक झाडाला गोड फळ येते. प्रतिद्रव्य करणारी पांढरी पेशी असते. एक पेशी एकाच प्रकारचे प्रतिद्रव्य करते. पण शरीराबाहेर काढली की ती काही दिवसांत मरते. कर्करोगाची पेशी मात्र मरायचे नाव घेत नाही. या दोघांनी उंदराच्या पाणथरीतली प्रतिद्रव्य करणारी पेशी घेतली आणि उंदराच्याच कर्करोगाची पेशी घेतली. दोन्ही एकमेकींत मिसळून एक केल्या. जी नवी पेशी झाली, ती मरत नव्हती आणि नेमके एकच प्रतिद्रव्य करीत होती. ज्या गुणामुळे कर्करोग माणसाला मारतो, तोच गुण त्यांनी कामाला जुंपला.

एका पेशीपासून वाढवलेल्या सगळ्या पेशी सारख्याच असतात. उसाच्या एका कांडीचे बेणे लावत गेले तर सगळा फड एका जातीचा होतो, तसे. म्हणून या प्रतिद्रव्यांना मोनोक्लोनल अँटीबॉडी म्हणतात, म्हणजे एकाच बेण्याची प्रतिद्रव्ये. आज दवाखान्यात मिळणाऱ्या या जातीच्या बहुतेक औषधांच्या नावाच्या शेवटी 'मॅब' असे येते. औषधाच्या चिठ्ठीवर 'मॅब' दिसले की ओळखावे, हे त्या कुळातले. केलर आणि मिल्स्टाइन यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचा मक्ता त्यांच्या नावे कुणी घेऊन ठेवला नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळांनी ही युक्ती उचलली.

आता आत्याबाईंकडे वळू. सुई घालून त्यांच्या फुफ्फुसावरच्या डागातून लहानसा तुकडा काढला. हा तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या पाण्यात घालतात. मग तो मेणात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. साबणाच्या छोट्या वडीसारखा तो दिसतो. यंत्राने त्या मेणाचे पातळ काप काढतात. किती पातळ? एका मिलिमीटरचे अडीचशे भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा. तो काप काचेवर ठेवून त्यावर एका जातीच्या प्रतिद्रव्याचे थेंब सोडतात. प्रतिद्रव्याची खूण तुकड्यात असेल तर ते चिकटते. नसेल तर धुतल्यावर निघून जाते. चिकटलेले डोळ्यांना दिसावे म्हणून त्याला रंग लावण्याची सोय केलेली असते. खूण असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. लग्नाच्या पंगतीत पानाला काताचा रंग चढावा तसा तो दिसतो.

एका काचेवर फुफ्फुसाची खूण शोधणारे प्रतिद्रव्य, दुसऱ्या काचेवर स्तनाची खूण शोधणारे, असे एकेक करून पाहतात. पुरुषाच्या हाडात रोग सापडला तर मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीची खूण पाहतात. मानेत गाठ आली तर ती रसग्रंथीचीच आहे की तोंडातून उतरलेली, तेही असेच ठरवतात. एकाच खुणेवर विसंबत नाहीत. दोन-चार साक्षी जुळल्या की मगच डॉक्टर नाव लिहितात. आत्याबाईंच्या तुकड्यात स्तनाच्या पेशीची खूण निघाली. म्हणजे रोग एकच होता.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीच्या एका घरी असेच एका बाईंचे ऑपरेशन झाले. लहान दवाखाना होता. काढलेली गाठ नातेवाइकांच्या हातात दिली आणि शहरात तपासायला न्या म्हणून सांगितले. गाठ मुरंब्याच्या बाटलीत, साध्या पाण्यात होती. एस.टी.ने ती दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर कुजली. कर्करोग आहे एवढेच कसेबसे कळले. खुणा काही उमटल्या नाहीत. पुन्हा सुई घालावी लागली. म्हणून सांगतो, गाठ काढली की ती तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. साधे पाणी, मिठाचे पाणी चालत नाही. गाठ तुमच्या हातात दिली तर विचारा, "हे फॉर्मॅलिनच आहे ना?" विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

आता औषधाकडे येऊ. काही खुणा नुसत्या ओळखीच्या नसतात, त्या रोगाचा जीव असतात. स्तनाच्या पेशीवर हर-टू नावाची एक खूण असते. तिला खिडकी म्हणा. बाहेरून 'वाढ' असा निरोप या खिडकीतून आत जातो. चांगल्या पेशीवर अशा खिडक्या बेताच्या असतात. काही स्त्रियांच्या कर्करोगात त्या बेसुमार होतात. घराला दोन खिडक्या असाव्यात तिथे दोनशे, असा प्रकार. पेशीला सारखे 'वाढ, वाढ' असे ऐकू येत राहते. १९८७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्लेमन आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवले की ज्यांच्या गाठीत ही खूण जास्त, त्यांचा रोग लवकर परततो. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे १५ ते २० जणींत ही खूण जास्त असते.

मग या खिडकीवर बसणारे प्रतिद्रव्य उंदराच्या पेशींतून काढले. पण उंदराचे प्रतिद्रव्य माणसाला दिले तर माणसाचे शरीर त्यालाच परके समजून हाकलते. त्यावर तोड निघाली. बेचकीची फक्त टोके उंदराची ठेवली आणि बाकीची सगळी बेचकी माणसाची केली. त्या औषधाचे नाव ट्रॅस्टुझुमॅब. १९९८ साली अमेरिकेत ते वापरायला परवानगी मिळाली. ते खिडकी बंद करते, आणि त्याचा दांडा पांढऱ्या पेशींना हाक मारतो. एकाच औषधाची दोन कामे.

गुण किती आला, तेही सांगितले पाहिजे. २००१ साली एका मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. रोग पसरलेल्या ४६९ स्त्रिया त्यात होत्या. काहींना नुसते नेहमीचे केमोथेरपीचे औषध दिले, काहींना त्याच्या जोडीला ट्रॅस्टुझुमॅब. नुसत्या औषधावर निम्म्या स्त्रिया २० महिन्यांपुढे जगल्या. जोडीने दिले तेव्हा निम्म्या २५ महिन्यांपुढे जगल्या. पाच महिने. कुणी म्हणेल, एवढेच? पण ज्या घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे, त्या घराला पाच महिने किती असतात ते विचारा. आणि ती तर सुरुवात होती. पुढे त्याच खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बसणारे पर्टुझुमॅब हे प्रतिद्रव्य २०१२ साली आले. दोन्ही मिळून केमोथेरपीबरोबर दिली, तेव्हा निम्म्या स्त्रिया ५६ महिन्यांपुढे जगल्या. आठ वर्षांनंतरही शंभरांतल्या ३७ हयात होत्या. पसरलेल्या रोगात एके काळी असे कुणी बोलले असते तर डॉक्टरांनीच हसून सोडून दिले असते.

आत्याबाईंच्या कागदावर 'हर-टू ३+' असे आले. हा आकडा चार प्रकारचा असतो: ०, १+, २+ आणि ३+. तपकिरी रंग किती गडद आणि किती पेशींवर, त्यावरून तो ठरतो. ३+ म्हणजे खूण भरपूर, औषध लागू. २+ आला तर निर्णय अर्धवट. आणखी एक तपासणी करतात. ० आणि १+ आला तर पूर्वी 'लागू नाही' म्हणून कागद बाजूला ठेवीत. आता तसे राहिले नाही. ते का, ते पुढे येईल.

"डॉक्टरसाहेब, दोन वर्षांपूर्वी ही तपासणी का नाही केली?" भाच्याने विचारले.

दोन वर्षांपूर्वी कागदावर ती लिहिलेली होती. पण पैसे संपले होते आणि घरच्यांना ती फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. मुद्दाम सांगायचे ते हे. पहिल्याच वेळी, रोग पसरण्याआधी ही खूण सापडली आणि वर्षभर औषध दिले, तर रोग परतण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. २००५ साली छापलेल्या चाचण्यांतून हे दिसले. म्हणजे पाचशे प्रकारच्या तपासण्यांत पैसे घालवावेत आणि ही एक राहू द्यावी, हा उलटा व्यवहार झाला.

औषध फुकटात लागू पडत नाही, म्हणजे त्याचाही काही त्रास असतोच. ही खिडकी हृदयाच्या पेशींवरही असते. २००१ च्या चाचणीत एका जुन्या जहाल औषधाच्या जोडीला ट्रॅस्टुझुमॅब दिले, तेव्हा शंभरांतल्या २७ जणींचे हृदय अशक्त झाले. म्हणून आता ती जोडी एकाच वेळी सहसा देत नाहीत. औषध सुरू करण्याआधी हृदयाची इको नावाची तपासणी करतात आणि पुढेही साधारण दर तीन महिन्यांनी करतात. पायावर सूज आली, जिना चढताना धाप लागली, उशाला दोन उश्या घेतल्याशिवाय झोप येईना, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दुसरी उणीव म्हणजे प्रतिद्रव्य आकाराने मोठे असते आणि मेंदूच्या आत सहजी शिरत नाही. छाती स्वच्छ आणि मेंदूत डाग, असे घडते. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून ओकारी येत असेल तर ते पित्त समजून सोडू नये.

मघाशी १+ चे राहिले होते. प्रतिद्रव्याला नेमके घर सापडते, तर त्याच्या पाठीवर विषाची पिशवी बांधून का पाठवू नये, असा विचार पुढे निघाला. टपालवाला पत्त्यावर पाकीट नेतो तसा. पेशी प्रतिद्रव्याला आत ओढून घेते, आत गेल्यावर पिशवीची गाठ सुटते आणि विष पेशीला मारते. असे पहिले औषध स्तनाच्या कर्करोगासाठी २०१३ साली आले. दुसरे, ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, २०१९ साली आले. दोघांची एकमेकांशी तुलना केली. एका वर्षानंतर रोग न वाढलेल्या स्त्रिया जुन्या औषधावर शंभरांत ३४ होत्या, नव्यावर ७६. आणि या नव्याचे विष असे की मेलेल्या पेशीतून बाहेर येऊन शेजारच्या पेशीलाही मारते. म्हणून जिथे खिडक्या थोड्याच आहेत, १+ आहे, तिथेही ते लागू पडते असे २०२२ साली दिसून आले. ज्यांच्याकडे '१+' लिहिलेला जुना कागद असेल त्यांनी तो फेकून देऊ नये. या औषधाने कधी कधी फुफ्फुसाला सूज येते. कोरडा खोकला सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ते फार महाग आहे. भारत सरकारने २०२४ साली त्यावरची आयात जकात माफ केली, तरी साध्या घराच्या आवाक्यात ते आले असे म्हणवत नाही.

साध्या ट्रॅस्टुझुमॅबचे बरे आहे. २०१४ साली बंगळूरच्या एका कंपनीने ते भारतात बनवून विकायला आणले. पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किंमत उतरली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मोठ्या सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलांत समाजसेवकांची खोली असते. सरकारी योजना, धर्मादाय निधी यांची माहिती तिथे मिळते. शेत गहाण टाकण्याआधी त्या खोलीत जावे.

मणक्यावरच्या डागाचे काय? हाडात एक प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडतात आणि दुसऱ्या नवे घालतात. कर्करोग तिथे पोचला की कुरतडणाऱ्यांना चेतवतो. हाड पोकळ होते, वाकताना मोडते. डेनोसुमॅब हे प्रतिद्रव्य त्या चेतवणाऱ्या निरोपालाच पकडते. ते २०१० पासून वापरात आहे. दर चार आठवड्यांनी कातडीखाली टोचतात. ते सुरू करण्याआधी किडलेले दात काढून घ्यावेत. औषध चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम कधी कधी भरत नाही.

काही प्रतिद्रव्ये कर्करोगाला हातही लावत नाहीत. ती आपल्याच पांढऱ्या पेशींचा लगाम सोडतात, मग त्या पेशी रोगावर धावून जातात. हा विचार मांडणारे ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८ साली नोबेल मिळाले. यातले निवोलुमॅब हे औषध आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगाला चालते. मिसरी, तंबाखू, गुटखा यांनी आपल्याकडे हा रोग किती माजला आहे ते सांगायला नको. औषधाची पुरी मात्रा घेणे मात्र आपल्या लोकांना परवडत नाही. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचार केला, थोडी मात्रा देऊन पाहू. तोंड आणि घशाचा कर्करोग बळावलेल्या १५१ रोग्यांची त्यांनी चाचणी केली. नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही नाही, एवढे थोडे औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षानंतर शंभरांतले १६ हयात होते. जोडीने दिले तेव्हा ४३. हा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. मला तर या साऱ्या शोधांत हा फार मोलाचा वाटतो. औषध जुनेच, पण परवडण्याचा प्रश्न कुणीतरी चाचणीच्या मांडवात आणला.

एक इशारा. हल्ली 'रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखा' अशा जाहिराती येतात. त्या तपासण्याही प्रतिद्रव्यांनीच करतात. सीए-१२५ ही त्यांतली एक, बीजकोशाच्या कर्करोगासाठी. तिच्यातले प्रतिद्रव्य १९८१ साली निघाले. रोग आहे हे ठरल्यावर तो हटतो की वाढतो, हे पाहायला ती चांगली. पण धडधाकट बाईने ती उगाच करू नये. तिचा आकडा पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, आणि पोटाचा क्षय असला तरी पुष्कळ वाढतो. क्षय औषधांनी बरा होतो. नुसत्या आकड्यावरून कर्करोग समजून पोट फाडू नये.

डॉक्टरांनी आत्याबाईंच्या भाच्याला एक काम सांगितले. "दोन वर्षांपूर्वी जिथे ऑपरेशन झाले, तिथे जा. तपासणी विभागात जुना ब्लॉक मागा. तो त्यांनी ठेवलेला असतो. मागितला की देतात, पावती घ्या. जुना आणि नवा, दोन्ही शेजारी ठेवून पाहू. कधी कधी दोन वर्षांत खूण बदलते."

भाचा दोन दिवसांनी आला. खिशातून रुमालात गुंडाळलेली मेणाची वडी काढून त्याने टेबलावर ठेवली. "उन्हात वितळेल म्हणून रातच्या गाडीनं आलो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी वडीवरचा नंबर पावतीशी ताडून पाहिला. मग आत्याबाईंना तारखा लिहून दिल्या. तीन-तीन आठवड्यांनी एक. आधी इको, आधी दातांच्या डॉक्टरांकडे.

आत्याबाईंनी कागद भाच्याकडे दिला नाही. चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक तारीख स्वतः वाचली. तिसऱ्या तारखेवर त्या थांबल्या. "ह्या दिवशी कांदा काढणीला आलेला असेल," त्या म्हणाल्या. "एक दिवस पुढे चालेल का हो?"

"एक दिवस चालेल, आत्याबाई," डॉक्टर म्हणाले. "पण पोती उचलायची नाहीत. मणका सांभाळायचा."